नवग्रहांत पृथ्वी का नाही? ‘ग्रह’ या शब्दाच्या निमित्ताने एक वाद

१/२४
दर काही महिन्यांनी एक चित्र समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागते. डाव्या बाजूस एखाद्या मंदिरातील नवग्रहांचा शिल्पपट, उजव्या बाजूस सूर्यमालेचे रंगीत चित्र, आणि खाली एक ओळ: पाश्चात्त्यांना नववा ग्रह १९३० साली सापडला, आपल्या पूर्वजांना तो हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होता. त्याच चित्राखाली दुसरा पक्षही हजर असतो. सूर्य हा तारा आणि चंद्र हा उपग्रह, एवढेही ज्यांना कळले नाही त्यांच्या खगोलज्ञानाचे कौतुक कशाला, असा त्याचा सवाल.

२/२४
इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला हे दोन्ही पक्ष सारखेच अमान्य आहेत, आणि ते का, हे या धाग्यात सविस्तर मांडायचे आहे. वरवर पाहता दोघे एकमेकांचे वैरी दिसतात. पण दोघांच्या युक्तिवादाचा पाया एकच आहे. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘ग्रह’ या शब्दाचा जो अर्थ दिला आहे, तोच आर्यभटाच्या आणि वराहमिहिराच्या ग्रंथांतही आहे, असे दोघेही न तपासता धरून चालतात. एक त्यावर अभिमान उभारतो, दुसरा उपहास.

३/२४
प्रथम साधी मोजणी करू. परंपरेतील नवग्रह असे: रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. १९३० नंतरच्या पाठ्यपुस्तकातील नऊ ग्रह असे: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, प्लूटो. दोन्ही याद्यांत समान नावे पाचच. पहिल्या यादीतील रवी, चंद्र, राहू व केतू यांना दुसरीत जागा नाही. दुसरीतील पृथ्वी, युरेनस, नेपच्यून व प्लूटो यांचा पहिलीत मागमूस नाही. जुळतो तो केवळ आकडा.

४/२४
आणि तो आकडा तरी किती काळ जुळला? प्लूटोचा शोध १९३० सालचा. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची नवी व्याख्या स्वीकारली आणि प्लूटो बटुग्रहांच्या वर्गात गेला. म्हणजे प्लूटोसह नऊ ही यादी ७६ वर्षे टिकली. ज्यांनी पूर्वजांचे श्रेष्ठत्व या नऊवर टांगले होते, त्यांच्यापुढे २००६ नंतर अवघड प्रश्न आहे: आता ग्रह आठ झाले, तर पूर्वजांचे एकाने चुकले म्हणायचे काय?

५/२४
या दाव्याविरुद्धचा उत्तम पुरावा तर आपल्याच घरात आहे. मराठी ज्योतिषी आज जी जन्मपत्रिका मांडतात, तीत पुष्कळदा नवग्रहांच्या जोडीला हर्षल, नेपच्यून आणि प्लूटो अशी आणखी तीन नावे असतात. हर्षल म्हणजे युरेनस. १३ मार्च १७८१ रोजी तो शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचे नाव आपण त्या ग्रहालाच दिले. जुन्या नवांत हे तिघे आधीपासून असते, तर ते बाहेरून आणून जोडण्याची वेळ आलीच नसती.

६/२४
मग ‘ग्रह’ म्हणजे काय? संस्कृतातील ‘ग्रह्’ धातूचा अर्थ धरणे, पकडणे, घेणे. मराठीत हा अर्थ अजून पुरता जिवंत आहे. आग्रह, दुराग्रह, अनुग्रह, निग्रह, संग्रह, पाणिग्रहण हे सारे त्याच कुळातले. ‘माझा असा ग्रह झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा एखाद्या समजुतीने मनाची पकड घेतलेली असते. आणि ती पकड आधीच बसलेली असली, की तो पूर्वग्रह. या शब्दांत आकाशातील गोलाचा काही संबंध नाही.

७/२४
जुन्या वाङ्मयात शिरले की हा शब्द आणखी अनपेक्षित ठिकाणी भेटतो. सोमयागात सोमरस ज्या पात्रांनी घेतला जाई, ती पात्रे व त्यांतील रसाचा भाग म्हणजे ‘ग्रह’. ऐंद्रवायव ग्रह, मैत्रावरुण ग्रह, आश्विन ग्रह ही नावे यजुर्वेदाच्या परंपरेत ठायी ठायी येतात. यज्ञाच्या वर्णनात ‘ग्रह’ दिसला म्हणून तेथे खगोलशास्त्र आहे, असे अनुमान काढणारा वाचक सोमरसाच्या पेल्याला शनी समजण्याच्या बेतात असतो.

८/२४
बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, ग्रह किती आणि अतिग्रह किती? उत्तर येते, आठ आणि आठ. हे आठ ग्रह म्हणजे प्राण, वाणी, जिव्हा, डोळे, कान, मन, हात आणि त्वचा. माणसाला धरून ठेवणारी त्याची साधने. त्या साधनांनाही पुन्हा पकडणारे त्यांचे विषय, ते अतिग्रह. आठ ही संख्या पाहून कोणी उद्या असेही लिहील, की उपनिषदकारांना २००६ चा ठराव आधीच माहीत होता!

९/२४
याहून बोलका दाखला सुश्रुतसंहितेचा. तिच्या उत्तरतंत्रात एक अध्याय आहे, ‘नवग्रहाकृतिविज्ञानीय’. शीर्षकातच नवग्रह. पण हे नऊ कोण? स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. लहान मुलांना ‘धरणारे’, म्हणजे त्यांच्या आजारांना कारण मानलेले हे बालग्रह. ‘नवग्रह’ हा अख्खा शब्द, नऊ या संख्येसह, आकाशाशी संबंध न ठेवता येथे उभा आहे. शब्द सारखा म्हणून वस्तू सारखी, या पद्धतीचे दिवाळे काढायला हा एक अध्याय पुरे.

१०/२४
मग हा ‘पकडणारा’ आकाशात कसा पोहोचला? अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडातील एका शांतिसूक्तात ग्रह, आदित्य आणि राहू ही नावे जवळजवळ येतात. सूर्यचंद्रांना कोणीतरी धरते ही कल्पना त्या काळी रूढ होती, आणि ‘ग्रहण’ या शब्दात ती आजही टिकून आहे. पुढे माणसांच्या भाग्याची पकड घेणारे म्हणून आकाशातील फिरत्या ज्योतींना हेच नाव चिकटले. नावामागे भीती आणि श्रद्धा आहे. त्या नावाला दुर्बिणीची गरज नव्हती.

११/२४
ग्रीक शब्दाशी तुलना केली तर फरक ठसठशीत होतो. ‘प्लॅनेट’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा. स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जे जागा बदलतात ते भटके. आणि सूर्य व चंद्र जागा बदलतातच, म्हणून तेही त्यांत मोजले जात. ग्रीकांचे भटके सात. ग्रीक नाव त्या ज्योती काय करतात ते सांगते. आपले नाव त्या आपल्याला काय करतात ते सांगते. ‘सूर्यभोवती फिरणारा गोल’ हा अर्थ दोन्हींपैकी एकाही शब्दात मुळात नाही.

१२/२४
आता सिद्धांतग्रंथांकडे वळू, कारण खरा प्रश्न तेथे आहे. गणिती ज्योतिषात ‘ग्रह’ ही कामापुरती आखलेली कोटी आहे: नक्षत्रांच्या पार्श्वभूमीवर ज्याचे स्थान बदलते आणि म्हणून गणिताने काढावे लागते, तो ग्रह. वस्तू कशाची बनली आहे आणि ती कोणाभोवती फिरते, हे त्या कोटीत अभिप्रेत नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीचा एक भाग ‘ग्रहगणित’ या नावाने ओळखला जातो, आणि त्याचा विषयच तो आहे. ज्या भूमीवर उभे राहून मोजायचे ती पृथ्वी या यादीत येणार कशी?

१३/२४
या दृष्टीने पाहिले की राहूचे कोडेही सुटते. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला दोन बिंदूंत छेदतो. हे बिंदू म्हणजे पात. हे पातही जागा बदलतात, म्हणून त्यांचेही गणित करावे लागते. आर्यभटाने ४३,२०,००० वर्षांच्या एका युगात चंद्राच्या पाताच्या २,३२,२२६ फेऱ्या दिल्या आहेत. भागाकार करून पाहा: एका फेरीला सुमारे १८.६ वर्षे. आजचे मूल्यही इतकेच आहे.

१४/२४
येथे क्षणभर थांबावेसे वाटते. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या, पदार्थ म्हणून अस्तित्वात नसलेल्या एका बिंदूची गती आर्यभटाने नोंदवली, आणि ती आजही जुळते. अभिमान बाळगायचाच असेल तर यासारखे दुसरे निमित्त मिळणे कठीण. पण फिरणाऱ्या चित्रांत १८.६ वर्षांचा उल्लेख मला आजवर दिसलेला नाही. त्यांत प्लूटो असतो, ज्याच्याशी आर्यभटाचा काहीही संबंध नव्हता.

१५/२४
उपहास करणाऱ्यांनीही याच आर्यभटाकडे पाहावे. ४९९ सालाशी निगडित असलेल्या आर्यभटीयात ग्रहणाचे कारण स्वच्छ सांगितले आहे: चंद्र सूर्याला झाकतो, आणि पृथ्वीची छाया चंद्राला. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत राहू नावाचा राक्षस सूर्यचंद्रांना गिळतो या समजुतीचे खंडन केले. याच वराहमिहिराने फलज्योतिषावरही ग्रंथ लिहिले. तो आपल्या काळाचा माणूस होता; त्याला आजच्या ‘विज्ञानवादी’ किंवा ‘अंधश्रद्ध’ या कप्प्यांत कोंबण्याचा अट्टहास व्यर्थ आहे.

१६/२४
आणखी एक गैरसमज: नवग्रहांची यादी अनादिकाळापासून नऊचीच होती. पुरावे वेगळे बोलतात. भुवनेश्वर येथील सातव्या शतकातील परशुरामेश्वर मंदिरावर ग्रहांचा पट आहे, त्यावर आकृती आठ, केतू नाही. कोणार्कच्या तेराव्या शतकातील पटावर मात्र पुरे नऊ. बृहत्संहितेत ‘केतू’ हा शब्द धूमकेतूंसाठी येतो. ते १०१ आहेत की १,०००, यावरील मतभेदही वराहमिहिर नोंदवतो. एवढे सगळे केतू एका नवव्या जागेत मावणार नाहीत. राहूचा जोडीदार म्हणून केतू त्या जागी बसायला काळ जावा लागला.

१७/२४
वारांची नावे पाहा. ती सात ग्रहांवरून आली, नवांवरून नाही. राहुवार आणि केतुवार आपल्याकडे नाहीत. हा सात वारांचा क्रम ज्या होरांच्या हिशेबातून निघतो, त्यातील ‘होरा’ हा शब्दच ग्रीकांकडून आला. वाराचा उल्लेख असलेला भारतातील सर्वांत जुना सुपरिचित लेख मध्य प्रदेशातील एरण येथील, बुधगुप्ताच्या काळचा, ४८४ सालचा. त्यात गुरुवार आहे. म्हणजे आठ, नऊ, सात असे वेगवेगळे हिशेब कामाप्रमाणे सोबत नांदत होते.

१८/२४
अलीकडे आणखी एक नवा दावा ऐकू येतो: ‘ग्रह’ म्हणजे धरून ठेवणारा, म्हणजेच गुरुत्वाकर्षण असलेला, सबब पूर्वजांना न्यूटनआधी गुरुत्वाकर्षण माहीत होते. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात आकृष्टिशक्तीबद्दल लिहिले आहे, हे खरे. पण त्यांनी ती शक्ती कोणाची म्हटली? पृथ्वीची. पृथ्वी त्यांच्या ग्रहांत नाही. उलट राहू ग्रहांत मोजला जातो, आणि त्या बिंदूला आकर्षण असण्यासाठी शरीरच नाही. जिला आकर्षण आहे ती ग्रह नाही, आणि ज्याला ते असूच शकत नाही तो ग्रह आहे. ही व्युत्पत्ती भास्कराचार्यांच्याच ग्रंथापुढे टिकत नाही.

१९/२४
सूर्याला ग्रह म्हटले म्हणून हसणाऱ्यांनी युरोपाची कहाणीही आठवावी. पृथ्वीला भटक्यांच्या रांगेत बसवणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ सालचा. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले, तेव्हा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांना ‘प्लॅनेट’च म्हटले. १८०१ साली सापडलेला सीरिस ग्रह म्हणून मिरवला; पाठोपाठ पॅलस, जूनो आणि व्हेस्टा आले, आणि १८०७ साली ग्रहांची संख्या ११ झाली. पुढे हे चौघेही त्या यादीतून उतरले. तेव्हाचे खगोलशास्त्रज्ञ मूर्ख होते, असे कोणी म्हणत नाही.

२०/२४
मग आपला गोंधळ सुरू कोठे झाला? एकोणिसाव्या शतकातील भाषांतरांत. १८३६ साली सिहोर येथील सुबाजी बापू यांनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक लिहिले. त्यात पुराणांची, सिद्धांतांची आणि कोपर्निकसची विश्वरचना शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आहे. अशा लेखनातून आणि शालेय पुस्तकांतून नव्या खगोलशास्त्रासाठी मराठी शब्द रुळले. ‘प्लॅनेट’ला ‘ग्रह’ हाच शब्द राहिला. त्या निवडीत गैर काही नव्हते; पाच ग्रह तर दोन्हीकडे तेच होते. मात्र जुन्या शब्दात नवा अर्थ ओतल्यावर मूळ अर्थ विस्मरणात गेला.

२१/२४
यावर एक आक्षेप येईल: शब्दांचे अर्थ बदलतातच, सामान्य माणसाने नवग्रह आणि सूर्यमाला एक मानली तर बिघडले कुठे? घरी नवग्रहांची पूजा करणाऱ्याशी माझा वाद नाही. त्याच्या पूजेला प्लूटोच्या साक्षीची गरज नाही. वाद आहे तो ‘इतिहास’ म्हणून हे सांगणाऱ्यांशी. इतिहास म्हटला की साधन वाचण्याची जबाबदारी आली, आणि साधन वाचणे म्हणजे त्यातील शब्द त्या काळात काय सांगत होता हे आधी विचारणे. एवढे केले नाही, तर आपण जुन्या ग्रंथात आपलाच चेहरा पाहून परत येतो.

२२/२४
यात नुकसान कोणाचे होते, तेही सांगतो. १५२० साली कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या-चापाची किचकट आकडेमोड टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची रीत त्यांनी दिली, आणि पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातील पंचांगे तिच्यावर चालली. त्यात रवी-चंद्रांचे गणित वेगळे आणि पाच ताराग्रहांचे वेगळे, अशी चोख मांडणी आहे. १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास लिहिला, तो याच परंपरेचा ग्रंथागणिक शोध आहे, आणि तोही मराठीत. ही पुस्तके धूळ खातात, आणि प्लूटोचे चित्र घरोघर पोहोचते.

२३/२४
खोट्या अभिमानाचे हेच खरे पाप आहे: तो खऱ्या कामाची जागा अडवतो. १८.६ वर्षांचे गणित समजून घ्यायला अर्धा तास लागतो. चित्र पुढे ढकलायला अर्धा क्षण. आणि उपहास करणाराही तोच अर्धा क्षण खर्च करतो. गणेश दैवज्ञांची रीत कोणी उलगडून पाहत नाही, कारण एकाला ते करण्याची गरज वाटत नाही आणि दुसऱ्याला त्यात वाचण्याजोगे काही असेल असे वाटत नाही. दोघांनी मिळून परंपरेला न वाचताच निकालात काढले आहे.

२४/२४
म्हणून, मित्रहो, ते चित्र पुढच्या वेळी समोर आले की तीन प्रश्न विचारा. हा शब्द कोणत्या ग्रंथात आहे? त्या ग्रंथाने त्याखाली कोणती नावे मोजली आहेत? आणि ती मोजण्याचे प्रयोजन काय, यज्ञ, औषध, शिल्प, पंचांग की पत्रिका? उत्तर देता आले नाही, तर पाठवणाऱ्याने ग्रंथ पाहिलेला नाही एवढे निश्चित समजा. आणि शक्य झाले तर ग्रंथालयातून दीक्षितांचा इतिहास काढून आणा. एका संध्याकाळी दहा पाने वाचली, तरी या वादातील दोन्ही पक्षांपेक्षा आपण पुढे असाल.